चोवीस फोटोंचा रोल

दूध नुकतंच उतरवलं होतं आणि मी दळण निवडायला बसले होते, तेवढ्यात कडी वाजली. दारात आमच्या आळीतले कुंडलिकभाऊ. भोरपासून वेल्ह्यापर्यंत कुणाकडेही लग्न असो, खांद्याला कॅमेरा अडकवून हे एसटीने हजर. एरवी उंबऱ्याबाहेरूनच बडबड सुरू. आज नुसती कडी वाजवली. हातात ओली फिल्म आणि नव्या रोलच्या डबीतला एक छापील कागद.

"वहिनी, एवढं इंग्रजी वाचा."

त्या रोलचं कौतुक साऱ्या आळीला ठाऊक होतं. नेहमीच्या रोलात बाराच फोटो निघायचे. त्यामुळे भाऊ माणसं मोजून उभी करायचे, "मामा, तुमचा पुढच्या लग्नात!" म्हणत कित्येकांना बाजूला सारायचे. मग बोटीवर नोकरीला असलेल्या मेहुण्याने परदेशातून चोवीस फोटोंचा रोल आणला. पुण्यातही तो मिळत नव्हता. भाऊंनी महिनाभर जपला आणि गेल्या आठवड्यात वेल्ह्याकडे, फुलाबाईंच्या मुलीच्या लग्नात वापरला. कुणाला म्हणून नाही म्हटलं नाही. फुलाबाईंचे मालक, म्हणजे नवरीचे वडील, ज्ञानूतात्या, जन्मात कॅमेऱ्यापुढे आले नव्हते. "आता तरी सरळ हुबं ऱ्हावा," म्हणत बाईंनी त्यांना पंगतीतून ओढून आणलं होतं.

मी कागद वाचला. साध्या फिल्मच्या पाठीला सबंध काळा कागद असतो. या लांब फिल्मला तो फक्त दोन टोकांना. म्हणून पाठीला लाल काच असलेल्या कॅमेऱ्यात ही घालू नये, काचेतून उजेड शिरून फिल्म खराब होते.

भाऊंचा कॅमेरा लाल काचेचाच. काचेतून कागदावरचा आकडा बघायचा आणि फिल्म सरकवायची, ही त्यांची वीस वर्षांची सवय.

"आकडा दिसंना," ते म्हणाले, "म्हणून दर फोटोला म्या काच उन्हाकडं धरून बघत हुतो."

मी फिल्म खिडकीशी धरली. मधोमध काळाकुट्ट पट्टा. एकाचंही तोंड नाही. पट्ट्याखाली पाय तेवढे.

"अहो, मुलगी इथंच शिवऱ्याला दिलीय ना? पुन्हा काढा फोटो."

"तिचा काढीन वो. ज्ञानूतात्या परवा गेले."

"कोण? ज्यांनी आठवड्यापूर्वी मुलीचं लग्न लावलं ते?"

"शेतातनं आले, पाणी मागितलं. तांब्या आणंस्तवर संपलं."

मी फिल्म हळूच खाली ठेवली.

"सकाळीच बाईंचा भाऊ, सर्जेराव, येऊन गेला. दहाव्याला फोटू पायजे म्हणाला. बाई अजून रडली न्हाई. 'फोटू येऊंद्या,' एवढंच म्हणती."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"फिल्म वाळतीय, दहाव्याला फोटू देतो म्हणालो." त्यांनी मान खाली घातली. "खोटं बोललो, वहिनी."

"आणि आता?"

"आता जाऊन खरं सांगतो, माझ्याच तोंडानं. साडेनऊची एसटी हाय. तुमी निस्तं संगं चला, आन् म्या सांगताना बाईजवळ बसा."