डागमास्तर आणि मानसशास्त्राची फी

रस्ता ओलांडताना डागमास्तर आधी उजवीकडे बघत, मग डावीकडे, आणि मग एकदा वरही. "वरून काय येणारे तुमच्या डोक्यावर?" असं बायकोने विचारलं तर म्हणत, "येत नाही तोवरच बघून घ्यायचं असतं."

या भित्रेपणाला धंद्याचंही कारण होतं. लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत, खिडकीखालच्या लांब टेबलापाशी, अठ्ठावीस वर्षं ते लोकांच्या कपड्यांवरचे डाग काढत होते. शाई, चहा, वंगण, रक्त. डाग कशाचा हे ते नुसत्या वासावरून सांगत. कुठून आला असेल हे ओळखूनही सांगत नसत. या कामात घाई केली की संपलं. रक्तावर गरम पाणी पडलं तर तो डाग त्या कपड्याचा जन्माचा सोबती. म्हणून मास्तर कुठलंही औषध आधी आतल्या शिवणीवर थेंबभर टाकत, दहा मिनिटं वाट बघत, रंग उतरला नाही अशी खात्री झाली की मग पुढे सरकत.

पंचाईत एवढीच, की पोरीच्या शिक्षणाला आतली शिवण नसते.

एकुलत्या एका लेकीने मानसशास्त्र घ्यायचं ठरवलं, आणि कॉलेजच्या यादीत तिचं नावही लागलं. फी भरायला पंधरा दिवसांची मुदत होती. शेवटचा दिवस शनिवार, दुपारी बारा. आणि मुहूर्त साधल्यासारखं त्याच सुमाराला लॉन्ड्रीच्या मालकाने मास्तरांना गल्ल्यापाशी बोलावून घेतलं.

"मास्तर, माझे गुडघे गेले कामातून. अर्धा हिस्सा घ्या दुकानात. तुम्ही नाही म्हणालात तर चौकातला तो मशीनवाला टपलेलाच आहे."

चौकातल्या मशीनवाल्याकडे डाग काढायला मशीन होतं. मास्तर लागत नव्हता. मालकाला हे वेगळं सांगावं लागलं नाही.

बँकेतली शिल्लक मास्तरांना तोंडपाठ होती. तिच्यात पदवीची तीन वर्षं बसत होती, किंवा अर्धं दुकान बसत होतं. दोन्ही कोंबायला ती काही गादीची खोळ नव्हती.

"किती वर्षांचं आहे गं हे सगळं?" त्यांनी लेकीला विचारलं.

"तीन वर्षं पदवी. मग दोन वर्षं एम.ए. मग दोन वर्षं प्रशिक्षण, आणि मग परवाना."

"म्हणजे सात." मास्तर त्रेपन्न वर्षांचे होते. "आणि पगार कधी?"

"परवान्यानंतर चांगला."

"आणि त्याच्या आधी?"

"आधी पण मिळतो थोडा. काहीजणांना."

त्या 'काहीजणांना'ने मास्तरांची झोप उडवली.

मग त्यांनी आपल्या पद्धतीने चौकशी सुरू केली. दुपारी मालक जेवायला गेला की काउंटरवर मास्तर बसत. पावती लिहिताना नाव, कपडे, तारीख लिहून झालं की ते मान वर न करता विचारत, "शिक्षण?" गिऱ्हाइकांना वाटलं नवीन नियम असेल, लोक निमूट सांगत. एक सद्गृहस्थ 'नववी नापास' म्हणताना इतके शरमले, की मास्तरांनी त्यांच्या पँटची इस्त्री फुकट करून दिली.

अकराव्या दिवशी मालकाच्या लक्षात आलं. "मास्तर, पावतीवर शिक्षण कधीपासून लिहायला लागलो आपण?"

इस्त्रीवाल्या मावशी आतून म्हणाल्या, "लिहू द्या की. पदवीधरांच्या कपड्यांना वेगळा साबण लावायचा असेल."

त्या अकरा दिवसांत मानसशास्त्र शिकलेली तीनच माणसं सापडली. एकजण बँकेत चेकवर शिक्के मारत होता. दुसरा गाद्यांच्या दुकानात विक्रेता होता आणि भलताच खूश होता. "शिक्षणाचा फार उपयोग होतो हो. माणूस गादीवर आडवा झाला की आपोआप बोलायला लागतो." तिसऱ्या म्हणजे इस्पितळातल्या मॅडम. त्या खऱ्याखुऱ्या मानसतज्ज्ञ होत्या. त्यांचा राखाडी लोकरी कोट वर्षातून दोनदा लॉन्ड्रीत यायचा, आणि या खेपेला तो मास्तरांच्या टेबलावरच पडलेला होता.

मास्तर माणसाची मिळकत बाहेरच्या कापडावरून कधी ठरवत नसत. उसनं आणूनही माणूस झकपक दिसतो. ते अस्तर बघत. त्यांनी कोट उलटा केला. उजव्या बाहीचं अस्तर खांद्यापासून उसवलेलं, पुन्हा शिवलेलं, पुन्हा उसवलेलं. बगलेत तर तिसऱ्याच रंगाचं ठिगळ. सात वर्षं शिकून, परवाना मिळवून, बाईंना साधं अस्तर बदलता येत नव्हतं.

त्या दिवशी मास्तरांनी एका पांढऱ्या सदऱ्यावर चुकीची बाटली उचलली. टाकली नाही, पण उचलली. असं अठ्ठावीस वर्षांत झालं नव्हतं.

गुरुवारी मॅडम कोट घ्यायला आल्या. मास्तर स्वतः कोट घेऊन बाहेर आले आणि म्हणाले, "मॅडम, रागावू नका. माझी लेक तुमच्याच विषयाला जायचं म्हणते. पण तुमचं अस्तर बघितलं, आणि... परवडत नाही का हो?"

मॅडमनी आधी अस्तराकडे बघितलं, मग मास्तरांकडे, आणि त्यांना हसू आवरेना. "अहो, पैशाचं नाही ते. घाबरलेली माणसं हात धरतात. इस्पितळाचा जिना उतरेपर्यंत सोडत नाहीत. मागच्या महिन्यात एकाने तर बाहीच काढून घेतली होती."

मास्तरांना धीर यायला हवा होता. पण त्यांच्या डोळ्यांपुढे लेकीची बाही आली. आतापर्यंत फक्त पैशाची भीती होती. आता तिला जोडीदार मिळाला.

"आणि मिळकत?" त्यांनी कसंबसं विचारलं.

मॅडमनी पिशवी काउंटरवर ठेवली. "खरं सांगू? नुसत्या पदवीवर थांबली तर साधारण तुमच्याएवढं. कधी त्याहून कमी. आमच्या वर्गात चाळीस जण होतो, या कामात नऊ उरलो. बाकीचे शाळांत, कंपन्यांत, कुठे कुठे. मला पहिली पाच वर्षं तुमच्याहून कमीच मिळत होतं. आता दुपटीने मिळतं."

"मग घालू का तिला?"

"ते मी नाही सांगणार, मास्तर. सगळे मला हेच विचारतात आणि मी कोणालाच सांगत नाही."

याच बोलण्याचे बाईंना दुप्पट मिळतात की काय, असं मास्तरांच्या मनात आलं.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी स्वयंपाकघरात सगळं सांगितलं. लेक बटाटे सोलत होती, बायको पीठ मळत होती.

"सगळ्यात वाईट म्हणजे तुमच्याएवढं मिळेल, असंच ना?" बायको म्हणाली. "मग आपण काय उपाशी मेलो का?"

उपाशी मेलो नाही, हे खरं होतं. पण महिन्याच्या पंचविसाव्या तारखेला पाकीट उघडताना छातीत कसं होतं, ते मास्तरांनी कधी कोणाला सांगितलेलं नव्हतं. आपल्याएवढा पगार म्हणजे नेमकं काय असतं, हे त्या घरात त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. लेक बटाटा सोलता सोलता थांबली.

"बाबा, तुम्ही नाही म्हणाल असं वाटलं होतं मला."

"म्हणजे?"

"म्हणजे, तुम्ही नाही म्हणालात तर बरं, असं." तिचा आवाज बारीक झाला. "चाळिसातले नऊ. मी नवांत नसले तर? तुमचं दुकानही जाईल आणि माझंही काही होणार नाही. पंधरा दिवस मी वाट बघतेय, तुम्ही एकदा ओरडाल आणि सुटेन म्हणून."

मास्तर हबकले. घरातली सगळी भीती आपल्याच खात्यावर आहे अशी त्यांची समजूत होती. आपण घाबरायचं आणि पोरीने हट्ट धरायचा, मग हट्टापुढे आपण हात टेकायचे, म्हणजे पुढे काही चुकलं तरी दोष हट्टाचा, असा त्यांचा आतल्या आत बेत होता. आणि पोरगी त्यांच्या नकाराच्या आड लपून बसली होती.

"भीती नसती तर काय केलं असतंस?" त्यांनी विचारलं.

"हेच." तिने बटाट्याकडे बघत सांगितलं. "यादी लागायच्या आधी पुस्तकंसुद्धा वाचून झालीत माझी."

"मग दोघंही घाबरत घाबरत जा," बायको म्हणाली. "आणि ते बटाटे द्या आधी इकडे."

शनिवारी सकाळी मास्तर मालकापुढे उभे राहिले आणि नाही म्हणाले. मालक रागावला नाही. त्याने नुसता फोन जवळ ओढला आणि तो चष्मा लावून मशीनवाल्याचा नंबर शोधायला लागला. 'थांबा जरा' हे शब्द मास्तरांच्या अगदी ओठांवर आले होते. पण काउंटरबाहेर लेक कागदांची पिशवी छातीशी धरून उभी होती, आणि तिचा चेहरा त्यांच्याहून पांढरा होता. दोघांतल्या एकाने तरी चालायला लागायला हवं होतं. ते चालायला लागले.

कॉलेजच्या खिडकीशी अकरा वाजून दहा मिनिटांनी त्यांचा नंबर आला. कारकुनाने नोटा मोजल्या, एक नोट उजेडात धरली, आणि शिक्का हातात घेऊन म्हणाला, "एकदा भरलेली फी परत मिळत नाही. माहीत आहे ना?"

मास्तरांनी लेकीकडे बघितलं. लेकीने त्यांच्याकडे. मागच्या रांगेतून कोणीतरी 'आटपा हो' म्हणालं.

"माहीत आहे," मास्तर म्हणाले.

शिक्का पडला. बाहेर आल्यावर लेकीने पावती तीनदा वाचली आणि विचारलं, "बाबा, आता?"

"आता आत जा आणि सोमवारचा पहिला तास किती वाजता आहे ते विचारून ये."

"तुम्ही नाही येत?"

"मी इथे थांबतो," असं म्हणून मास्तरांनी कठडा धरला आणि ते सावकाश पायरीवर बसले. पाय इतके लटपटत होते, की तिच्याबरोबर चार पावलं टाकणंही त्यांना जमलं नसतं. ती दारापर्यंत गेली, तिने वळून बघितलं. मास्तरांनी हात हलवून तिला आत पिटाळलं आणि ती दिसेनाशी होईपर्यंत चेहरा तेवढा सरळ ठेवला.