पदराची गाठ

समस्त कुटुंबीयांनी या घोषणेची गंभीर नोंद घ्यावी: गोव्याला निघालेल्या जहाजावर माझी सात वर्षांची मुक्ता आमच्या खोलीत न झोपता आजीच्या खोलीत झोपेल. हा निकाल आजीचा, म्हणजे माझ्या आईचा होता, आणि त्यावर अपील नव्हतं.

आईचा सगळा जन्म परभणीत गेला. समुद्र तिने कॅलेंडरवरच पाहिलेला. "तुम्ही दोघं घोरत पडाल आणि पोर जाईल पाण्यात," असं म्हणून तिने आपला पदर मुक्ताच्या फ्रॉकला गाठ मारून बांधला. खिडकी उघडतच नाही, हे मी तीनदा सांगितलं.

"तू नको शिकवू मला," आई म्हणाली.

सकाळी दुसऱ्या किल्लीने दार उघडलं आणि मी दारातच थांबलो. दोघी पलंगावर गुडघे टेकून, गोल काचेला नाक लावून बसल्या होत्या. बाहेर किनारा कुठेच नव्हता. आभाळ सुरू होईपर्यंत नुसतं पाणी, आणि त्यावर हळूहळू सांडणारं ऊन. माझी अखंड बोलणारी आई गप्प होती. पाठमोऱ्या त्या दोघींतली सत्तरीची कोण, हे केसांवरूनच कळत होतं. इतकं अफाट काही समोर आलं की माणसाचं वय बहुधा मागेच राहतं.

मग गाठीकडे लक्ष गेलं. एकीच्या तीन झाल्या होत्या.

"अगं आई, किती बांधशील पोरीला?"

मागे वळूनही न बघता मुक्ता ओरडली, "या दोन मी मारल्यात, बाबा! आजी मघाशी म्हणाली, या पाण्यात उतरून जावंसं वाटतंय!"