आबांच्या काचेतला मी

मी धडधाकट असताना माझ्या फोटोला एकदा हार घातला गेला आहे, आणि तो माझ्या सख्ख्या आत्यानेच घातला.

दोष माझा. (बायकोच्या मते फिल्टरचा.) मला फोटोग्राफीचा नाद आहे. गेल्या उन्हाळ्यात मी लेन्सपुढे बसवायचा पोलरायझर फिल्टर घेतला. गोल काच असते. कडा फिरवली की पाण्यावरची, काचेवरची चमक जाते आणि आभाळ गडद निळं येतं. स्वस्तातलाही मिळत होता. मी महागातला घेतला.

"एवढ्यात कूलर आला असता की!" संगीता म्हणाली. सोलापुरात रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं, त्यामुळे मुद्दा बिनतोड होता.

"कूलरनं आभाळ निळं होत नाही."

"मग आजपासून आभाळाखालीच झोपा!"

आता फिल्टर कामाचा आहे हे सिद्ध केल्याशिवाय माघार नाही, असं मी ठरवलं. आणि करमाळा तालुक्यातल्या केम गावाहून आत्याचा फोन आला.

"सुभाष, नवं घर झालं. वास्तुशांतीला आबाचा फोटू मोठा करून पायजे. तू काढशील नव्हं?"

आबा म्हणजे माझे आजोबा, आत्याचे वडील. मेंढरांमागे जन्म गेला, त्यामुळे आयुष्यात एकच फोटो: डोक्याला फेटा, खांद्यावर काळं घोंगडं. तोही ओलीने फ्रेमच्या काचेला असा चिकटलेला, की सोडवायला जावं तर निम्मे आबा काचेवरच राहायचे! करमाळ्यातल्या दोन फोटोवाल्यांनी काचेच्या चमकेपुढे हात टेकले होते. म्हणजे माझ्या फिल्टरसाठी ही सोन्यासारखी संधी होती.

केमला गेलो. दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे तिरकं उभं राहून कडा फिरवली. चमक गायब! मी विजयी मुद्रेने संगीताकडे पाहिलं. आत्याने कॅमेऱ्यात पाहिलं.

"आबा एका अंगानं वाळल्यावानी का दिसत्यात रं?"

"तिरका काढलाय म्हणून."

"आमचा बाप सरळ मानूस व्हता. सरळ काढ!"

मग कॅमेऱ्याची तिपाई बरोबर समोर ठेवली, खिडक्या लावल्या, टायमर सुरू केला आणि मागे कौतुकाने हसत उभा राहिलो. (समोरून काढताना हा फिल्टर काचेपुढे काही करू शकत नाही, हे ज्ञान मला पुढे झालं.)

"जरा मोठा करून बघा की," संगीता म्हणाली.

"गरज नाही! महागातला आहे!"

वास्तुशांतीला भलीमोठी छापील प्रत दुकानातून बांधून आली तशीच, न उघडता घेऊन गेलो. कागद सुटताच आत्याने डोळे मिटून हार घातला, नमस्कार केला. पाहुणे पुढे सरकले.

"ह्यो आबाच्या खांद्यावरनं डोकावतुया त्यो कोन?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

मी पाहिलं. पांढराशुभ्र शर्ट. कौतुकाचं हसू. काचेत उमटलेला मीच होतो!

"थोरला भाऊ असंल आबाचा," दुसरा म्हणाला.

शेजारच्या काकूंनी हात जोडून संगीताला हळूच विचारलं, "हे कवा गेले?"

"सकाळी निघालो तेव्हा तरी होते!"

सगळे हसले, आत्या सोडून. ती पदर तोंडाला लावून फोटोकडे बघत होती. "लई आस व्हती रं," एवढंच म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हार तर आधीच घातलेला होता!

"आत्या, आबा मिळाल्याशिवाय मी जेवणार नाही," मी म्हणालो. जुनी फ्रेम उतरवून पुन्हा तिपाई लावली आणि फिल्टर फिरवू लागलो. अर्धा तास फिरवला. पंगती उठल्या.

"अहो, पांढरं दिसतंय ना काचेत? मग मध्ये काळं काहीतरी धरा," संगीता म्हणाली.

आत्या आत गेली आणि ट्रंकेतून घोंगडं घेऊन आली. तेच, आबांच्या खांद्यावरचं! दोघींनी ते कॅमेऱ्यापुढे पडद्यासारखं ताणलं. उंदरांनी कृपा करून एक भोक पाडून ठेवलं होतं, त्यातून लेन्स बाहेर काढायची. पण लेन्स अडकली. फिल्टरची कडा मोठी होती.

"काढा तो," संगीता म्हणाली.

काढला. फोटो आला. या वेळी मोठा करून पाहिला: फेटा, मिशा, डोळे, अगदी घोंगड्याची वीण, सगळं लख्ख. आत्याने आबांच्या गालावरून बोट फिरवलं, आणि मग मला पोटभर वाढलं.

मी डोकावणारा तो फोटो आत्याने टाकला नाही. "त्यात बी आबा हायतच की," म्हणून धान्याच्या खोलीत काचेत लावला, हारासकट. परवा तिने मोबाइलवर त्याचा फोटो पाठवला. काचेत आत्याच जास्त दिसत होती. मी लगेच कळवलं, "आत्या, चमक येतेय. एक चांगला, महागातला फिल्टर घे."

तिचं उत्तर आलं: "त्ये ऱ्हाऊ दे. तुजा हार वाळलाय, येताना नवा आन."