पासवरची ती बाई

मी जात्याच घाबरट. गॅस बंद केला का हे बघायला मी आजही अर्ध्या जिन्यातून परत फिरते. तेव्हा लग्नाला जेमतेम चार महिने झालेले असताना एकटीने परदेशी जायचं ठरलं, आणि माझी झोप उडाली यात नवल नव्हतं. ह्यांना कंपनीने ट्रेनिंगसाठी जर्मनीला पाठवलं होतं. शेवटचा महिना मीही तिकडे जावं, असं ठरलं. विमान उतरणार एका शहरात, हे राहणार भलत्याच गावी, मध्ये लांबलचक आगगाडी. आल्यावर थोडं फिरायचंही होतं. त्यासाठी रेल्वेचा एक पास मिळे. पण तो तिकडे विकत नसत, निघण्याआधी इथूनच घ्यावा लागे. सरकारने हातावर ठेवलेल्या मोजक्या डॉलरांत तिकडची तिकिटं काढत बसणं शक्य नव्हतं.

पासाचं काम सासऱ्यांनी हौसेने अंगावर घेतलं. मुलुंडहून बसने अंधेरीच्या एका एजंटाकडे जाऊन त्यांनी पास आणला, देवापुढे ठेवला आणि मग माझ्या हातात दिला. तो मी दोनदा वाचला. त्यावर माझं नाव नव्हतं.

म्हणजे होतं, पण सासरचं. लग्नात ताटात तांदूळ पसरून ह्यांनी अंगठीने लिहिलेलं. सासूबाईंनी निवडलेलं, साखर वाटून जाहीर झालेलं. घरात मला त्याच नावाने हाक मारत आणि बहुधा दुसऱ्या हाकेला माझ्या लक्षात येई. पासपोर्ट मात्र साखरपुडा होताच माझ्या वडिलांनी घाईने काढून ठेवला होता. त्यावर माहेरचं नाव, आडनावासकट. व्हिसा आणि विमानाचं तिकीटही त्याच नावाचं.

“बाबा, ही मी नाही,” मी म्हटलं.

“तू नाहीस तर कोण?” सासरे हसले. “तिकडे कोण बघतंय?”

तिकडे बघतात, हे ह्यांनी फोनवर ओरडून ओरडून सांगितलं. चेकर पासपोर्ट मागतो आणि नाव जुळलं नाही तर सरळ उतरवतो. मग मला दुसरं काही दिसेना. अनोळखी स्टेशन, पायाशी बॅग, आणि मी कोण हे कुणालाच पटत नाहीये.

मी सासऱ्यांबरोबर अंधेरी गाठली. काउंटरवरची मुलगी माझ्याच वयाची, तोंडाने फटकळ.

“नाव चेंज होत नाही, मॅडम. हा परत करायचा, पासपोर्टच्या नावाने नवीन घ्यायचा.”

“मग परत घ्या ना.”

“रिफंडला पासवाल्या बाईंची सही लागते. त्या तुम्हीच ना? प्रूफ द्या.”

प्रूफ कुठून देणार? त्या बाईचा जन्म ताटातल्या तांदळात झालेला. रेशनकार्डावर तिचं नाव अजून चढलं नव्हतं आणि लग्नपत्रिकेवर तर माहेरचंच होतं. सासरे मध्ये पडले, पण पास त्यांनीच घेतलेला, तेव्हा त्यांची सही चालेना. शेवटी आतून मॅनेजर आले. दोन्ही नावं एकाच बाईची असं घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाने समोर येऊन लिहून दिलं तर बघू, म्हणाले. आमच्या घरात दुसरं मोठं माणूस एकच होतं.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, “पासपोर्टच बदला ना. आम्ही दिलेलं नाव काय वाईट आहे?”

“त्याला महिने लागतात, आई. विमान पुढच्या आठवड्यात आहे.”

“मग पुढच्या वर्षी जा. एवढं काय अडलंय?”

पुढच्या वर्षी हे तिकडे असणारच नव्हते. शिवाय त्या चार महिन्यांतले दोन महिने हे घरीच नव्हते. मला माझ्या नवऱ्याची नीट ओळखही झाली नव्हती. हे सासूला कुठल्या तोंडाने सांगणार? मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. सासरे पेपर उलटसुलट करत राहिले. पुढच्या दिवशीही त्या विषयावर एक शब्द नाही. आता सगळं बोंबललं, असं धरून मी बॅगेतले स्वेटर पुन्हा कपाटात ठेवायला लागले.

तिसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई ठेवणीतली साडी नेसून दारात उभ्या. “चला,” एवढंच आम्हा दोघांना म्हणाल्या. पवईच्या तलावावरून बस गेली तरी त्यांनी मान वळवून पाहिलं नाही. मनात म्हटलं, ह्या तिथे जाऊन काय बोलतील कोण जाणे. एक शब्द वाकडा गेला तर पासही गेला आणि मीही गेले.

मॅनेजरांनी विचारलं, “ह्या तुमच्या सूनबाई? लग्नाआधीचं नाव काय यांचं?”

सासूबाईंनी क्षणभरही न थांबता माझं नाव सांगितलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. चार महिन्यांत मी ते त्यांच्या तोंडून एकदाही ऐकलं नव्हतं. मग त्यांनी सही केली, एकेक अक्षर दाबून. त्यांच्या सहीखाली मी त्या दुसऱ्या बाईच्या नावाने सही केली. त्या नावाने मी आधी कधी सहीच केली नव्हती; ती खोटी आहे असंच कुणालाही वाटलं असतं. काउंटरवरच्या मुलीने जुन्या पासवर शिक्का मारला आणि नवा लिहायला घेतला.

बाहेर आल्यावर सासरे बसच्या रांगेत पुढे जाऊन उभे राहिले. सासूबाई म्हणाल्या, “बघू तो. इंग्रजीत आहे होय? वाच.”

मी माझं नाव वाचलं. त्यांनी ते हळूच म्हणून पाहिलं. एरवी त्या आमच्याशी मालवणीत बोलत नसत, पण तेव्हा बोलल्या. “बरां होतां की गो नाव. मगे मी बदललंय कित्याक?”

बदललं कशाला, हे त्या जणू स्वतःलाच विचारत होत्या. त्यांनी पास माझ्या पर्समध्ये स्वतःच्या हाताने ठेवला आणि चेन लावली.

“आई, तुमचं काय होतं? लग्नाआधीचं?”

त्यांनी सांगितलं. चांगलं ठसठशीत नाव होतं, दोन वेळा म्हणावंसं वाटणारं.

“बाबांना माहीत आहे?”

“असेल,” त्या म्हणाल्या. “माझी आई गेल्यापासून त्या नावाने कोणी हाक मारलेली नाही.”

बस आली. सासरे पुढून त्यांना सासरच्या नावाने हाक मारत होते, आणि त्या पहिल्या हाकेला हलल्या नाहीत.