लोरिएचा वास

माझा भाऊ लोरिए तेलाचा ट्रक चालवायचा. आमच्या खोऱ्यात हिवाळा काढायचा म्हणजे घर तापवायला तेल हवंच. तो दारोदार जायचा, अंगणातल्या झाकणाखालच्या नळीला आपला जाड पाइप जोडायचा आणि भिंतीपाशी मान वाकडी करून उभा राहायचा. जमिनीतली टाकी भरत असते तोवर आतली हवा शीळ घालत बाहेर पडते. शीळ थांबली की टाकी भरली. इतकी वर्षं हेच केल्यामुळे घरीसुद्धा तो तसाच मान वाकडी करून ऐकायचा. त्याची बायको फेर्नांद म्हणायची, "मी गप्प झाले की याला वाटतं, भरली टाकी."

ही फेर्नांद, माझी भावजय. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने उभा जन्म काढला. बकव्हीटच्या, म्हणजे कुट्टूच्या पिठाची धिरडी तिच्यासारखी आमच्या गावात कुणाला जमली नाहीत, माझी तर तव्यालाच चिकटतात. हट्टी अशी की एकदा नाही म्हणाली तर साक्षात बिशप येऊन विनवू दे, नाही म्हणजे नाही. माझं आणि तिचं कधीच धड पटलं नाही, आणि एकमेकींवाचून करमलंही नाही.

लोरिएच्या अंगाला तेलाचा वास यायचा. हात घासून घासून सालटी निघायची, पण वास काही जायचा नाही. त्याच्या कोटाला वास, टोपीला वास, तो बसायचा त्या खुर्चीला वास. चर्चमध्ये आमचा बाक डोळे मिटूनसुद्धा सापडला असता. दुसऱ्या कुठल्याही घरात तेलाचा वास आला की बायका घाबरून फोनकडे धावतात. त्यांच्या घरात वास आला म्हणजे लोरिए जेवायला आला.

तो गेला जानेवारीत. स्वतःच्याच दारातला बर्फ उपसताना फावड्यावर टेकला आणि तसाच खाली बसला. जानेवारीत गेलेल्या माणसाला आमच्याकडे पुरता येत नाही. जमीन लोखंड झालेली असते, कुदळ मारली तर कुदळच तुटते. स्मशानाच्या कडेला एक दगडी खोली आहे, तिथे पेटी ठेवतात, कुलूप लावतात आणि मे महिन्याची वाट बघतात. माणूस गेलेला असतो आणि गेलेलाही नसतो. माझ्या दुश्मनावरसुद्धा ती पाळी येऊ नये.

पुढच्या महिन्यात एका दुपारी मी फेर्नांदकडे गेले, तर बाई कपाळाला ओला रुमाल बांधून पीठ भिजवत होती. मला म्हणाली, "लोरिए घरी येतो."

"काय बोलतेस?"

"खरं तेच बोलते. त्याला पुरलंय कुठे अजून? मग तो राहणार कुठे? त्या दगडी खोलीत? तिथे साधी शेगडीसुद्धा नाही."

मी खुर्ची ओढून बसले. ती म्हणाली, "खाली तळघरात असतो, घर तापवायच्या भट्टीपाशी. जा, बघून ये. बोलत नाही, नुसता असतो."

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांपैकी नाही. पण जिना उतरले आणि शेवटच्या पायरीवर थबकले. त्याचाच वास होता. नाताळात मला मिठी मारायचा तेव्हा त्याच्या मानेपाशी यायचा तोच. मी पायरीवर बसले आणि लहान पोरीसारखी रडले. भाऊ होता तो माझा. वर आल्यावर फेर्नांदने गरम धिरडं माझ्या ताटात टाकलं.

मग ती खाली खुर्ची घेऊन गेली. काही दिवसांनी खाट नेली. ट्रकवरचा नवा ड्रायव्हर एकदा मला रस्त्यात थांबवून म्हणाला, "तुमच्या वहिनींकडे यंदा तेल फार जातंय हो. कुठेतरी बघायला हवं." मी ते तिला सांगितलं. तिने काय उत्तर द्यावं? "दोघांचं घर आहे. जाणारच." आणि वर हसली.

बाई दिवसेंदिवस वाळत चालली. डोळे लाल, डोकं सतत दुखतंय, खाल्लेलं पोटात ठरत नाही. मी डॉक्टरचं नाव काढलं की म्हणायची, "त्याच्याजवळ बसलं की असंच होतं. मेलेल्यांजवळ बसणं सोपं असतं होय?" खरं सांगायचं तर मलाही ते पटत होतं. मीही दिवसाआड जाऊन खाली बसत होते आणि घरी येऊन डोकं धरत होते. फेर्नांद त्याच्यामागोमाग जाणार, त्याने तिला न्यायचं ठरवलंय, एवढंच माझ्या मनात घोळायचं.

एप्रिलमध्ये बर्फ वितळून खाली बसायला लागलं. मी फेर्नांदच्या घराच्या मागच्या बाजूने येत होते, तर भिंतीलगतचं बर्फ मला लालसर दिसलं. आमच्या तेलात लाल रंग घातलेला असतो, हे तेलवाल्याच्या बहिणीला कुणी सांगायला नको. मी तिथेच उभी राहिले. मला आधी हायसं वाटलं की भूत नाही, आणि लगेच इतकं वाईट वाटलं की सांगता येत नाही.

मी रोझेअरला बोलावलं. आमच्या गावात जमीन खणायची म्हणजे रोझेअर. टाक्या तोच काढतो आणि कबरीही तोच खणतो. लोरिएचा जुना दोस्त. त्याने वाकून चिमूटभर बर्फ हुंगलं आणि तोंड वाकडं केलं. "टाकी गेली कामातून. आज नाही गेली, सगळा हिवाळा गळतेय. वहिनी कुठे आहेत?"

"खाली. तिथेच झोपते."

"तळघरात? वेड लागलंय का तुम्हा दोघींना? या वासात महिनोन्‌महिने माणूस झोपतं?"

फेर्नांदने तळघराच्या खिडकीतून ऐकलं. "रोझेअर, अंगणाला हात लावायचा नाही."

"वहिनी, टाकी गळतेय. तेल भिंतीतून आत येतंय."

"टाकी त्याने बसवलीय. तू कोण काढणारा? एकदा गेला तो पुरे झालं. आता तुम्ही दोघं मिळून त्याला परत मारायला निघालात." रोझेअर अंगणात लांब गेला, सिगारेट काढली आणि तशीच परत खिशात घातली.

मी खाली गेले. ती खाटेवर भिंतीला टेकून बसली होती, मुठीएवढं तोंड झालेलं. मी शेजारी बसले. ती म्हणाली, "रोलांद, खोटं बोलू नकोस. तुला येतो ना त्याचा वास?"

"येतो," मी म्हणाले. येतच होता. टाकी गळतेय हे कळूनही येत होता, हेच तर भयंकर होतं. दोन घटका अशाच गेल्या असत्या तर मीही तिथे आडवी झाले असते. माझं डोकं ठणकायला लागलं होतं.

मी विचारलं, "फेर्नांद, आपला लोरिए तेल घालायला कुणाच्या घरी गेला असता, असा वास आला असता, आणि घरातली बाई अशी खाली पडलेली दिसली असती, तर त्याने काय केलं असतं?"

ती भट्टीकडे वळली. मग म्हणाली, "दंडाला धरून बाहेर काढलं असतं. शिव्या देत."

"मग?"

"मग दे ना शिव्या."

आमच्या लोकांच्या शिव्या सगळ्या चर्चमधल्या वस्तूंच्या नावांच्या. पवित्र पेल्यापासून वेदीपर्यंत लोरिए एकाही वस्तूला सोडायचा नाही. तशा सगळ्या मी दिल्या, त्याच्याच आवाजात, त्याच्याच क्रमाने, आणि देता देता तिला दंडाला धरून जिन्यावरून वर ओढलं. तिचं काहीच वजन राहिलं नव्हतं. अंगणात मोकळ्या हवेत ती ओकली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून राहिली. रोझेअर तोंड फिरवून उभा होता.

टाकीत उरलेलं तेल त्याच दिवशी उपसलं आणि फेर्नांदला मी माझ्या घरी आणलं. माझ्याकडे लाकडांची शेगडी आहे. तिचं डोकं दुखायचं थांबलं, जेवण ठरायला लागलं, गालांवर रंग आला. माझ्याशी मात्र ती बोलत नव्हती. मीठ हवं असलं तरी उठून स्वतः घ्यायची. मी म्हटलं, राग धर, पण जिवंत राहा.

जमीन सैल झाल्यावर रोझेअर यंत्र घेऊन आला. टाकी वर निघाली तेव्हा बुडाची नुसती चाळण झाली होती. तेलाने काळी पडलेली माती ट्रकमध्ये भरून गावाबाहेर नेली, खड्ड्यात स्वच्छ वाळू पडली, तळघर घासलं, लोरिएचा कोट आणि खुर्चीसुद्धा गेली. खिडक्या कित्येक दिवस सताड उघड्या होत्या. मग मी तिला तिच्या घरी घेऊन गेले. ती एकेका खोलीत फिरली, तळघरात उतरली, वर आली. "कुणी नाही," एवढंच म्हणाली. कुणीच नव्हतं. कुणाचंही असावं असं घर झालं होतं ते.

त्याच आठवड्यात लोरिएला पुरलं. फादरनी प्रार्थना म्हटली, काळ्या माश्या सगळ्यांच्या मानेला चावत होत्या, लोकांनी माती टाकली आणि चर्चच्या सभागृहात चिकनचा रस्सा वाट बघतोय म्हणून भराभर निघाले. रोझेअर कबर बुजवायला यंत्रापाशी टोपी काढून उभा होता. फेर्नांद जागची हलेना.

मी तिचा हात धरला. "चल, सगळे गेले."

"तू हो पुढे," ती म्हणाली. "मी थोडी थांबते. त्याला ही जागा नवीन आहे."

मी रोझेअरला हातानेच थांबायला सांगितलं आणि तिच्याशेजारी उभी राहिले.