पाढ्याच्या चालीवर गाडी

शिवकन्याबाई वर्गावर असल्या की राणीसावरगावच्या रस्त्यानं जाणाऱ्या माणसालाही कळतं, आमच्या शाळेत आज कितीचा पाढा चाललाय. भिंतीच्या अलीकडे मी पहिली-दुसरीला बाराखडी शिकवत असतो आणि माझी पोरं माझ्या तोंडाकडे बघत बघत पलीकडचा सतराचा पाढा पुटपुटत असतात. शाळा दोन शिक्षकांची. त्यातल्या एकाचा आवाज असा असेल तर दुसऱ्यानं काय करावं, हे मला आजवर कुठल्याही प्रशिक्षणात कुणी सांगितलेलं नाही.

बाई मूळच्या झरीच्या. घरात शाळेत गेलेली पहिली मुलगी. पुस्तकं भावासाठी आणलेली आणि तो हातात देत नसे, म्हणून तो मोठ्यानं वाचायला बसला की या चुलीपाशी भाकरी थापता थापता ऐकून पाठ करायच्या. त्याच पाठांतराच्या जोरावर त्या डी.एड. झाल्या आणि नोकरीला लागल्या. भाऊ मागे राहिला, हे त्या सांगत नाहीत. मला त्यांच्या नवऱ्यानं सांगितलं.

मग शाळेत तो डबा आला. परभणीच्या एका संस्थेनं दिलेला. त्यात हातभर लांबीची चाकांची गाडी, वायरी आणि एक जुना लॅपटॉप. पडद्यावर रंगीत तुकडे एकमेकांना जोडून गाडीला हुकूम तयार करायचे, ते वायरीनं तिच्यात भरायचे, आणि मग बटण दाबलं की लॅपटॉप बंद असला तरी गाडी त्याप्रमाणे चालते. याला कोडिंग म्हणायचं. अट एकच होती. सहा महिन्यांनी संस्थेच्या बबिता मॅडम आणि आमचे केंद्रप्रमुख येऊन बघणार. पोरांना गाडी चालवता आली तर डबा शाळेला कायमचा, नाही तर तो राणीसावरगावच्या मोठ्या शाळेला.

प्रशिक्षण गंगाखेडला झालं. बबिता मॅडम इंजिनिअर झालेली हसरी पोरगी, शिकवलं तिनं झकास. पण सुरुवातीलाच म्हणाली, "एक विनंती. मुलांकडून पाठांतर करून घेऊ नका. पाठांतरानं विचार मरतो." माझ्या शेजारी बाईंची मान खाली गेली ती वर आलीच नाही.

येताना एसटीत त्या एकदम म्हणाल्या, "सिद्धोधन सर, म्हंजे आमी इतकी वर्सं पोरांचं नुकसानच केलं म्हना की."

"तुमचं झालं का पाठांतरानं नुकसान?" मी चेष्टेनं विचारलं. त्या हसल्या नाहीत.

पुढचा महिना आमची शाळा गप्प होती. बाई मॅडमच्या पद्धतीनं शिकवायला धडपडत होत्या. एक लॅपटॉप आणि त्याच्याभोवती तीन वर्गांची डोकी. पुढच्यांना दिसायचं, मागचे एकमेकांना चिमटे काढायचे. दुपारी लाइट जायची, आणि लॅपटॉपची बॅटरी अशी की वायर काढली की त्यानं डोळे मिटलेच. पाढे बंद झाले म्हणून मला खरं तर सुख वाटायला हवं होतं. पण ती शांतता मला खायला उठली.

आणि एका दुपारी, लाइट नसताना, अंगणातून तीच पाढ्याची चाल ऐकू आली. शब्द मात्र नवे.

"पुढं चल, पुढं चल, पुढं चल, थांब! डावीकडं वळ! पुढं चल, पुढं चल, पुढं चल, थांब!"

मी खडू टाकून बाहेर आलो. अख्खा वर्ग सुरात हुकूम म्हणत होता आणि पाचवीतली रुख्मिणी दोन्ही हात ताठ धरून गाडी झाली होती. कडुनिंबापासून वर्गाच्या पायरीपर्यंत सरळ, पायरीपाशी डावीकडं वळण, आणि तेवढंच अंतर पुन्हा सरळ, नळापर्यंत. ज्याला पाठ आलं त्याचा लॅपटॉपवर नंबर. लाइट आली की पोरं वेळ न दवडता तुकडे जोडायची. पंधरा दिवसांत गाडी कडुनिंबापासून नळाला जाऊन उभी राहायला लागली. मी नाचायचाच काय तो राहिलो.

बाई मात्र धास्तावलेल्याच. पोरांना रोज बजावत, "मॅडम आल्या की चालीवर कुनी म्हनायचं न्हाई. तोंडं बंद."

"बाई, चोरी केल्यासारखं कशाला करता?" मी म्हणालो.

"सर, त्यांनी पाठांतर ऐकलं आन् डबा नेला तर? पोरं रोज त्या डब्याला हात लावून घरी जायलेत."

पाहुणे यायच्या दिवशी पोरांनी अंगणात कडुनिंबापासून नळापर्यंत रांगोळीची रेघ ओढली. गाडीला रेघ दिसत नाही, ती फक्त सांगितल्याप्रमाणे चालते. रेघ बघणाऱ्यांसाठी. शाळा समितीचे अध्यक्ष भुजंगराव सकाळपासून नव्या धोतरात हजर. त्यांनी नळाजवळ सावलीत खुर्च्या मांडल्या, नारळ फोडला, गाडीला हळद-कुंकू वाहिलं आणि ती उचलून थेट केंद्रप्रमुखांच्या पायाशी ठेवली.

"साहेबांपासून सुरुवात झाली पायजे. ते काय बरं दिसतंय का, साहेब इकडं आन् गाडी तिकडून निघायलीय? रेघ तर तीच हाय."

कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. बाईंना नाही, मलाही नाही. साहेबांनी बटण दाबलं. गाडी नळापासून निघाली, पायरीपाशी थांबली, डावीकडे वळली आणि रेघ सोडून तरातरा जाऊन चपलांच्या ढिगात घुसली.

पोरं बाईंकडे बघायला लागली, पण तोंडं बंद. तशी आज्ञाच होती. बबिता मॅडमनं हुकूम तपासायला लॅपटॉप उघडला आणि त्याच क्षणाला लाइट गेली. लॅपटॉपनं डोळे मिटले. साहेब वाईट माणूस नाही. हळूच म्हणाले, "बाई, तुम्ही कष्ट घेतले, दिसतंय. पण राणीसावरगावला पोरंही जास्त आहेत..."

बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं होतं, ते त्या पुन्हा पुन्हा सोडत होत्या, गुंडाळत होत्या. मग त्यांनी पदर सोडला.

"म्हना रे," त्या म्हणाल्या.

पोरांना खरं वाटेना.

"म्हना! रोजच्यासारखं मोठ्यानं. रुख्मिणी, तू गाडी हो."

अख्ख्या अंगणात चाल दुमदुमली. रुख्मिणी नळापासून निघाली. पायरीपाशी सगळे ओरडले, "डावीकडं वळ!" ती वळली आणि थबकली. पुढे चपला होत्या, रेघ पाठीमागे. तिनं जरा विचार केला, पळत कडुनिंबाखाली गेली आणि म्हणाली, "आता म्हना." आता ती बरोबर नळाला जाऊन पोचली.

"बाई, गाडीची चूक न्हाई! तिनं आपलं ऐकलं. आपनच तिला शेवटाकडून सोडली." रुख्मिणी तिथूनच ओरडली.

गाडी कडुनिंबाखाली नेली, बटण दाबलं, आणि ती येऊन साहेबांच्या खुर्चीपुढे उभी राहिली. टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात भुजंगरावांच्या.

"आरं, मंग खुर्च्याच तिकडं टाकल्या असत्या की! आधी बोलायचं!"

बाई मात्र बबिता मॅडमपुढे हात जोडून उभ्या. "मॅडम, तुमी न्हाई म्हनला होता. पन मला दुसरं काई येत न्हाई."

"बाई, पोरांना लॅपटॉपशिवाय चूक सापडली. मी तरी आणखी काय शिकवणार होते?" मॅडम हसली. "पण आता पाठ नसलेलं एक विचारू? गाडी खुर्चीकडं तोंड करून उभी आहे. इथूनच तिला कडुनिंबाकडं परत पाठवा."

पोरांनी एकमेकांकडे बघितलं, मग सगळ्यांनी बाईंकडे. बाई रेघेकडे बघत राहिल्या.

"मला न्हाई येत," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून हे पोरांसमोर पहिल्यांदा ऐकलं.

मग त्यांनी पदर खोचला, चपला काढल्या आणि गाडी बाजूला करून तिच्या जागी स्वतः उभ्या राहिल्या. हात ताठ. "मी गाडी. तुमी सांगा."

शेवटी रुख्मिणीच म्हणाली, "पुढं चला, बाई." बाई चालल्या त्या थेट साहेबांवर. साहेबांनी पाय वर घेतले.

"थांबा, थांबा! आधी मागं फिरा!"

बाई फिरल्या, पायरीपर्यंत गेल्या. सवयीनं सगळे ओरडले, "डावीकडं वळा!" आणि बाई निघाल्या चपलांच्या ढिगाकडे.

"बाई, चुकलं!"

"कुनाचं?"

"आमचं!"

"मंग मला माघारी घ्या."

पोरांनी त्यांना पायरीपाशी आणलं आणि तिथंच त्यांच्यात भांडण जुंपलं. कुणी उजवीकडं म्हणे, कुणी अजून एकदा फिरवा म्हणे. माझी पहिली-दुसरीही त्यात घुसली होती. त्या गोंधळात साहेब मॅडमना म्हणाले, "डबा इथंच राहू द्या."

मी ऐकलं. बाईंनी नाही ऐकलं. त्या पायरीपाशी अनवाणी, हात ताठ धरून उभ्या होत्या, आणि पोरांचं भांडण मिटून पुढचा हुकूम येईपर्यंत जागची हलायला तयार नव्हत्या.