टेंडरच्या दिवशी समोरच्या हॉटेलात

माझी बायको गेल्या आषाढात गेली. तेव्हापासून मी पुस्तक उघडतो, दोन पानं वाचतो आणि उठतो. गॅलरीत जातो, परत येतो. लिहायला बसलो तरी तेच होतं, म्हणून हे तुकड्यातुकड्यानं लिहितो आहे.

ती नगर पंचायतीची मुख्य अधिकारी होती. नवं राज्य झालं तेव्हाचे दिवस. रायपूरमध्ये रोज एखाद्या जुन्या इमारतीवर नव्या खात्याचा बोर्ड चढायचा आणि आसपासची मोठी गावं बघता बघता नगर पंचायती व्हायची. काल सरपंच असलेला माणूस आज अध्यक्ष व्हायचा, खुर्ची तीच राहायची. तिला असंच एक गाव मिळालं होतं, अभनपूरच्या पुढं. गावाचं नाव सांगत नाही. सकाळी आमच्या तेलीबांध्याच्या घरून जीपनं जायची आणि दिवेलागणीला परतायची.

तिची मला एकच ताकीद होती. तिच्या गावात मी पाय ठेवायचा नाही.

कारण होतं. तिथं निवडून आलेल्या बायकांचे नवरे सभेत बसत. त्यांना सगळे ‘पार्षद-पति’ म्हणत, आणि तेही ते नाव व्हिजिटिंग कार्डावर छापत. बायको सही करायची, बोलायचे नवरे. बाईमाणूस अधिकारी आली की ठेकेदार पहिल्यांदा तिचा नवरा शोधतात, असं ती म्हणायची. “तुम्ही एकदा दिसले ना, की मी संपली. मंग मी मॅडम नाही, तुमची बायको.”

मी कॉलेजात शिकवत होतो. मला कुठं जायची हौस नव्हतीच.

त्या वर्षी तिला एका पाऱ्यात पाइपलाइन टाकायची होती. गावाच्या टोकाची ती वस्ती. तिथल्या एकुलत्या हातपंपाला लाल पाणी यायचं आणि चैत्रात तेही थांबायचं. बायका तळ्यावरून पाणी आणायच्या. या उन्हाळ्याच्या आत नळ येईल, असं तिनं त्यांना पाऱ्यात उभं राहून सांगितलं होतं. असं शब्द देणं तिच्या स्वभावात नव्हतं. त्यामुळे ती घरात सारखी त्याच्याबद्दलच बोलायची. पाइप कुठला, चर किती खोल, टेंडर कधी उघडायचं.

टेंडरच्या दिवशी तिला ताप होता आणि जीपवाला आला नाही. मी आमची जुनी गाडी काढली. ती नाही म्हणाली, मग बसली. “कचेरीच्या मागं लावा. चिंचेखाली. आणि उतरू नका.”

दुपारपर्यंत मी उतरलो नाही. फाल्गुन संपत आला होता, गाडी तव्यासारखी तापली. शेवटी चहासाठी कचेरीसमोरच्या हॉटेलात गेलो. माझ्याजवळ विद्यापीठाच्या तपासलेल्या पेपरांचा गठ्ठा होता. मोठा खाकी लिफाफा, लाखेचं सील. संध्याकाळी रायपुरात जमा करायचा होता. गाडीचं एक दार नीट लागत नसे, म्हणून तो काखेत घेतला.

हॉटेलात पाच-सहा जण बाकं जोडून बसले होते. त्यांच्याही हातात लिफाफे होते. मी बसलो आणि बोलणं थांबलं.

“कहाँ से आना हुआ भैया?” पांढऱ्या सफारीतल्या एका जाड माणसानं विचारलं.

“रायपुर से.”

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. न मागता माझ्यापुढं पोहे आले, वर जिलेबी.

“कितना बिलो जाओगे?”

सरकारचे दर ठरलेले असतात. त्याहून किती टक्के कमी किंवा जास्त घेणार, एवढंच ठेकेदार लिहितो. कमी असेल तर ‘बिलो’. हे मला बायकोकडून माहीत होतं. मी म्हटलं, मी ठेकेदार नाही, शिकवतो.

“हव, हव,” सफारीवाला म्हणाला. “हम लोग भी यहाँ पढ़ाने ही आए हैं.” सगळे हसले.

“और ये सील वाला लिफाफा?”

“कॉपियाँ हैं. परीक्षा की.”

“अच्छा! तो मास्टरजी, हमको भी पास कर देना.”

पुन्हा हशा. मग त्यानं बाक जवळ ओढलं आणि अगदी घरातल्यासारखं समजावलं. गाव छोटं आहे. आम्ही आळीपाळीनं खातो. नाली याची, पुलिया त्याची. हनुमानाच्या देवळात लोट्यात चिठ्ठ्या टाकतो, ज्याची निघेल तो थोडं बिलो भरतो, बाकीचे त्याच्या वर भरतात. कोणी खोटेपणा करत नाही, बजरंगबलीची शपथ असते. या पाइपलाइनची चिठ्ठी परवाच निघाली. त्यानं कोपऱ्यात बसलेल्या एका किडकिडीत माणसाकडे बोट दाखवलं. “बहुत दिन बाद इसकी बारी आई है. आप काहे रेट बिगाड़ते हो? अगली पर्ची में आपका नाम डाल देंगे.”

मी कोण, हे सांगणं म्हणजे तिची ताकीद मोडणं. लिफाफा फोडून दाखवावा, तर सील विद्यापीठाचं. मी पुन्हा म्हटलं की माझा टेंडरशी संबंध नाही.

“सब यही बोलते हैं,” किडकिडीत माणूस पहिल्यांदाच बोलला. तो हसला नाही.

हा लिफाफाच नडतो आहे, तो डिकीत ठेवून यावं, असं माझ्या मनात आलं. गाडीकडे जायचा जवळचा रस्ता कचेरीच्या व्हरांड्यातून होता. मी गेलो, मागच्या दारानं बाहेर पडून गठ्ठा डिकीत टाकला, आणि चहाचे पैसे द्यायला रिकाम्या हातानं परत आलो. टेंडरची पेटी त्याच व्हरांड्यात होती, हे माझ्या ध्यानात आलं नाही. त्यांच्या मात्र आलं. हॉटेलात सगळे माझ्या रिकाम्या हातांकडे बघत होते. किडकिडीत माणूस बाकावरून उठून गेला होता.

परतताना तापातही ती खुशीत होती. “आज चमत्कार झाला. असा रेट या गावात कोणी पाहिला नाही. एक तृतीयांश बिलो! अध्यक्षाचं तोंड पाहाचं होतं.”

मी तिला सगळं सांगितलं. अभनपूरच्या बाजारापर्यंत सांगणं चाललं.

“म्हणजे त्या चिठ्ठीवाल्यानं तुमच्या भेवानं लिफाफा बदलला.”

“तू रद्द कर ना.”

“रद्द कराले कारण काय लिहू? माह्या नवऱ्यानं पोहे खाल्ले? आणि मंग पुन्हा जाहिरात, पुन्हा मंजुरी. वैशाख निघून जाते.” थोड्या वेळानं म्हणाली, “तुम्ही काहून उतरले पण?”

रविवारी तो किडकिडीत माणूस घरी आला. हातात सदर बाजारातल्या मिठाईचा डबा. दार मी उघडलं. तो माझ्याकडे बघत राहिला, मग माझ्यामागच्या पुस्तकांच्या कपाटांकडे.

“आप तो सच में मास्टर निकले,” तो म्हणाला. थोडा हसलाही. मग खालच्या आवाजात, “एक बार बोल देते कि मैडम के साहब हूँ. हम पाँव छूते और अपना रेट डालते.”

ती आतून आली. त्यानं हात जोडले. या भावात काम होत नाही, टेंडर रद्द करा, पुढच्या वेळी सगळे नीट भरतील.

“और तब तक उस पारा में पानी कौन देगा?”

“मैडम, सबको मालूम है, मैंने डर में लिखा.”

“डर कागज़ में नहीं लिखा है. रेट लिखा है. काम छोड़ोगे तो नाम काली सूची में जाएगा.”

तो गेल्यावर मी म्हटलं, फार कठोर झालीस.

“मले काय आनंद होऊन राहिला का?” ती म्हणाली, आणि डबा घेऊन जिन्यापर्यंत धावत गेली, त्याला परत द्यायला.

त्यानं काम केलं. ती रोज चरावर उभी राहायची. तो आता चोरी करेल अशी तिला खात्री होती, म्हणून छत्री चरात उभी करून खोली मोजायची. चोरी सापडली नाही. मजूर परवडेनात तेव्हा त्याच्या घरचे लोक खणायला आले, हे तिनं मला जेवताना सांगितलं आणि ताट सारून उठली. अक्तीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आधी पाऱ्यात पाणी आलं. तिथल्या बायकांनी तिच्या कपाळावर एवढा गुलाल लावला की केसांतून दोन दिवस निघाला नाही.

पण तिला भीती होती तेच झालं. मॅडमचे साहेब गुपचूप टेंडर टाकतात, अशी तक्रार वर गेली. टेंडर रद्द केलं असतं तर तिच्या नावाला धक्का लागला नसता, हे तिला गाडीतच कळलं असणार. पावसाळा सुरू होताच बदलीचा आदेश आला. मी म्हटलं, मी लेखी देतो, काय घडलं ते.

“काय लिहिणार? का चहा प्याले गेलो होतो म्हणून?” आणि ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. हसणं थांबल्यावर म्हणाली, “राहू द्या. पाणी सुरू झालं. आता ते कोणी बंद करत नाही.”

कार्यभार सोडायच्या दिवशी तिनं मला राजरोस गावात नेलं, तिचं सामान आणायला. मी गाडी कचेरीच्या पुढं लावली. समोर हॉटेलात तेच लोक बसले होते. सफारीवाल्यानं उभं राहून मोठ्यानं हाक दिली, “प्रणाम मास्टरजी! नई जगह में भी पढ़ाने जाओगे ना?” सगळे हसले. ती सामान ठेवत होती, तिनं मान वळवली नाही.

मी त्यांच्यात तो किडकिडीत माणूस शोधत होतो. हॉटेलवाल्याला विचारलं. त्यानं ठेकेदारी सोडली, भिलाईला जावयाकडे गेला, एवढंच तो म्हणाला. मी रस्त्यात उभा राहिलो. भिलाईत कुठं, ते विचारावं असं वाटत होतं. भेटून काय बोलायचं, ते सुचत नव्हतं. अजूनही सुचलेलं नाही.

“गाडी काढा,” ती आत बसत म्हणाली. मी हललो नाही. तिनं काच खाली केली आणि पुन्हा म्हणाली, या वेळी हळू, “अहो, काढा ना गाडी.”